शोभाबाईंच्या ग्रुपमधून बाहेर

त्या सकाळी हजेरी आलीच नाही. आम्ही गावापासून लांब, कारखान्याच्या भागात होतो. मी ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतत होतो आणि माझी बायको सखू पाचटाच्या कोपीच्या दारात भाकरी थापता थापता सारखी मोबाईलकडे बघत होती. ऊसतोडीला आलेल्या माणसाची सकाळ घाईची असते, तरी रोज त्या वेळेला मोबाईलमधून शोभाचा आवाज यायचा आणि सखूचा हात थांबायचा. "हजेरी द्या गं बायांनो. शोभा, चौसाळा. हाय." मग कुठून कुठून बायकांचे आवाज येत राहायचे. रुक्मिण, लिंबागणेश, हाय. आशा, धर्मापुरी, हाय. त्या दिवशी मात्र मोबाईल गप्प. "अवं, बाईचा आवाज कावून आला न्हाई?" सखूने विचारलं. "झोपली आसंल," मी म्हणालो, "आजारी माणूस हाय. रोज तुमच्यासाठी उठून बसंल का?" भाकरी तव्यावरच होती, तेवढ्यात गावातल्या कमलबाईचा आवाज आला. ती नाव-गाव काही बोललीच नाही. "बाई गेल्या गं..." एवढंच म्हणाली आणि पुढे नुसतं रडणं ऐकू आलं.

माझ्याही खिशात मोबाईल होता. तो वाजला नाही. ज्या बाईने मला चाळिशीनंतर वाचायला शिकवलं, ती गेल्याची बातमी मला बायकोच्या मोबाईलवर ऐकावी लागली, कारण शोभाच्या ग्रुपमध्ये मी नव्हतो. तिने मला घेतलं नव्हतं असं नाही. तिने घ्यायचं आणि मी बाहेर पडायचं, हे आमचं काही वर्षं चाललेलं होतं. का बाहेर पडायचो, तर लाज वाटायची म्हणून. हे लिहितानाही कान गरम होतात... पण बाईंच्या एखाद्या विद्यार्थ्यानेच लिहावं असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी म्हटल्यावर आमच्या गावातल्या बायकांनी एकमताने माझं नाव पुढे केलं. इतक्या वर्षांचा सूड उगवला म्हणा ना. तर हा मजकूर मी मोबाईलवर एका बोटाने, रोज थोडा थोडा लिहिला आहे.

शोभा आमच्या शेजारच्या घरातली, माझ्याहून लहान. चिंचा पाडायला माझ्या मागे मागे यायची. मी तिला शोभे म्हणायचो, ती मला दत्तूदादा. तिचं लग्न झालं, पण नवरा लवकर गेला आणि ती परत चौसाळ्याला आईजवळ येऊन राहिली. दिवसा शिवणकाम करायची आणि संध्याकाळी समाजमंदिरात मोठ्या बायकांना अक्षरं शिकवायची. तिची आई कोपऱ्यात बसून तांदूळ निवडायची. "काकू, तुमी बी घ्या की पाटी," असं कुणी म्हटलं, की म्हातारी म्हणायची, "मला काय करायचंय? मी हितंच हाय." वर्गात हसाहशी फार. पण दिवाळी झाली की गाव रिकामं व्हायचं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या आणि शोभाचा निम्म्याहून जास्त वर्ग ट्रॉलीत बसून जायचा. उन्हाळ्यात त्याच बायका परत यायच्या तेव्हा त्यांना आपलं नावही लिहिता येत नसे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शोभा चिडायची, रडायची, आणि पावसाळा लागला की पुन्हा पाट्या पुसायला बसायची.

मग घरोघरी मोबाईल आले आणि तिने ग्रुप काढला. बायका जिथे जातील तिथे वर्ग जाईल, असा तिचा साधा हिशोब होता. रोज एक अक्षर नाहीतर एक ओळ, त्यासोबत तिचा आवाज, आणि सकाळी हजेरी. पुढे पुढे चौसाळ्याबाहेरच्या बायकाही आल्या, कुणाची बहीण, कुणाची विहीण. नियम कडक. देवाचे फोटो, फुलं, शुभ सकाळ बंद. "फुलं आपापल्या वावरात. हितं हजेरी," असं ती ठणकावायची. दुसरा नियम त्याहून अवघड होता. हजेरी स्वतःच्या नावानेच द्यायची. आमच्याकडे बाई म्हणजे कुणाची तरी माय नाहीतर कुणाची तरी मालकीण. मोबाईल नवऱ्याचा, त्यावर नाव नवऱ्याचं आणि फोटोही त्याचाच. पहिल्या दिवशी तो ग्रुप कुणी उघडून बघितला असता, तर मिशीवाल्या बाप्यांची बैठक भरली आहे असंच वाटलं असतं. शोभाने एकेकीचं नाव बदलायला लावलं. काही बायका नाव सांगताना इतक्या लाजायच्या, की आवाजच पाठवायच्या नाहीत. घरोघरी नवरे कुरकुरले. मीही त्यातलाच. "माझ्या मोबाईलवर तुझं नाव कावून?" असं म्हणून मी सखूशी भांडलो होतो.

ग्रुपच्या चाव्या मात्र शोभाने स्वतःकडेच ठेवल्या. एकदा हौसेने तिने रुक्मिणबाईला ॲडमिन केलं, तर दोनच दिवसांत रुक्मिणबाईचं जावेशी भांडण झालं आणि तिने जावेला ग्रुपमधून काढून टाकलं. "आता बोल म्हणावं कशी बोलती ती," असं वर सगळ्यांना सांगितलं. शोभा पोट धरून हसली, जावेला परत घेतलं, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणालाही ॲडमिन केलं नाही.

आता माझं सांगतो. मी दुसरीतून शाळा सोडली. आईवडील ऊसतोडीला जायचे. थोरला भाऊ आजीजवळ राहून शिकला, मला कडेवर घ्यायचं वय सरलं तरी ते सोबत न्यायचे. भाऊ पुढे गावच्या राजकारणात गेला, आज चार माणसं त्याला नमस्कार करतात. मी ट्रॅक्टर चालवतो. वाचता येत नाही, हे मी भावापासूनसुद्धा लपवलं होतं. बोर्ड वाचता येत नव्हते म्हणून मी रस्ते देवळांवरून आणि पेट्रोलपंपांवरून ओळखायचो. कुणी कागद पुढे केला की म्हणायचो, "चष्मा घरी राहिला, तूच वाच." चष्मा माझ्याकडे कधी नव्हताच. पारावर पेपर वाचला जात असताना मी सगळ्यांच्या आधी मान डोलवायचो. त्यात पकडलं जाण्याची भीती इतकी, की गावात कुणी नवीन माणूस आला तरी मी पारावरून उठून जायचो.

कारखान्याच्या अड्ड्यावर ट्रॅक्टरची रांग लागते. कधी कधी अख्खा दिवस नंबर येत नाही. घरात मोबाईल तेव्हा एकच आणि तो माझ्याजवळ, कारण सखू दिवसभर उसाच्या फडात कोयता चालवायची. रांगेत बसून मी शोभाचे धडे ऐकायला लागलो. आधी करमणूक म्हणून. शोभाचा ओळखीचा आवाज, "क. कणसातला क, बायांनो." मग डॅशबोर्डवरच्या धुळीत बोटाने क काढून बघितला. कुणी आलं की हाताने पुसून टाकायचो. पुढे शोभा प्रश्न घालायला लागली आणि मी सखूच्या नावाने उत्तरं लिहायला लागलो. जेवताना सखूला मी शिकवायचो, म्हणजे तिचं काही बुडू देत नव्हतो. ती हसायची. "तुमीच पास होताल, मी न्हाई," म्हणायची. सकाळची हजेरी तिची, दुपारची अक्षरं माझी. ग्रुपमधल्या बायका म्हणत, सखूबाई लई हुशार हाय. मला ते ऐकून आनंद व्हायचा आणि लगेच स्वतःचाच राग यायचा. एवढा मोठा बाप्या, आणि बायकोच्या पदराआड बसून बाराखडी गिरवतोय.

एका दुपारी रांगेत असताना मोबाईलवर लिहिलेला निरोप आला. तिकडे रेंज नव्हती, आवाज पुढे सरकत नसावा, म्हणून रुक्मिणबाईने लिहून पाठवलं होतं. अक्षरं तुटक, काना-मात्रा नाहीत. मी एकेक अक्षर जुळवत गेलो... सुनेला कळा सुरू झाल्यात, गाडी नाही, आणि जवळच्या पुलाचं नाव. तो पूल माझ्या रांगेपासून फार लांब नव्हता. तेवढ्यात धर्मापुरीच्या आशाबाईने लिहिलं, मी जवळच्या फडात आहे, पळत निघते. या दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नव्हत्या. मी ट्रॅक्टर तसाच सोडला, टपरीवाल्याचा टेम्पो मागून घेतला आणि पुलाकडे सुटलो. पोचलो तेव्हा आशाबाई त्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दवाखान्यात वेळेत गेलो. मी रुक्मिणबाईला सांगितलं, "सखूचा मालक हाय मी, तिनंच धाडलं." नंतर दवाखान्याच्या पायरीवर बसून ग्रुपमध्ये लिहिलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. माझ्या आयुष्यातलं मी मनाने लिहिलेलं ते पहिलं वाक्य. खाली शाबासकीची रांग लागली, शाबास सखूबाई, शाबास सखूबाई.

उन्हाळ्यात टोळ्या परत आल्यावर शोभाने चौसाळ्यात सगळ्या बायकांचा मेळावा घेतला. काय सांगू तो दिवस! बसमधून उतरलेल्या बायका एकमेकींचे चेहरे ओळखत नव्हत्या. कुणी तोंड उघडलं की आवाजावरून ओळख पटायची. "तूच का गं आशा?" असं म्हणून एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. भाऊ पाहुणा म्हणून पुढे खुर्चीवर बसला होता, मी मागे गड्यामाणसांत उभा होतो. शोभाने सखूला पुढे बोलावलं. "सखूबाई, त्या दिवशी तू काय वाचलंस, कसं वाचलंस, सांग सगळ्यांना." सखू उठली, पदर खोचला आणि माझ्याकडे बोट करून मोठ्याने म्हणाली, "म्या न्हाई वाचलं. ह्यांनी वाचलं. दुपारची सगळी अक्षरं ह्यांचीच असत्यात. मला बी ह्यांनीच शिकवलं." तिला माझा अभिमान वाटत होता, हे मला आज कळतं. तेव्हा मी पुढच्या गड्याच्या पाठीआड सरकलो. सगळ्या माना मागे वळल्या. भाऊ खुर्चीतून उठून म्हणाला, "म्हंजे? दत्ता, तुला वाचता येत नव्हतं?" माझ्या शेजारचा एकजण खिदळला, "बायकांच्या वर्गात बसलता काय बे दत्त्या?" आणि सगळी गडीमाणसं हसली. शोभा हसली नाही. ती भावाला म्हणाली, "येतं त्याला. आता येतं." पण तोवर मी मंडपाबाहेर पडलो होतो.

पुढे कितीतरी दिवस मी पारावर गेलो नाही. शोभा घरी आली. चुलीजवळ पाट ओढून बसली आणि म्हणाली, "मला पयल्यापासून ठाव होतं दादा. फडातल्या बाईला दुपारी कुठली सवड? उत्तरं दुपारचीच यायची." मी म्हणालो, "मग बोलली कावून न्हाईस?" ती म्हणाली, "तू आपणहून बोलशील म्हणून." मी तोवर स्वतःचा वेगळा मोबाईल घेतला होता. तिने तिथल्या तिथे त्या नंबरावर मला ग्रुपमध्ये घेतलं. ती उंबऱ्याबाहेर गेली आणि मी ग्रुपमधून बाहेर पडलो. दुसऱ्या हंगामात तिने पुन्हा घेतलं, मी पुन्हा बाहेर. बायकांच्या ग्रुपमध्ये एकटा बाप्या दिसतोय, रोज सकाळी दत्तात्रय हाय म्हणतोय, आणि कारखान्यावरची पोरं ते ऐकून दात काढतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. आणि गंमत बघा, ग्रुपमुळे अडलेली कामं करून घ्यायला मला लाज नव्हती. पोरांच्या वसतिगृहाची माहिती, कुठल्या गावात चांगला डॉक्टर आहे, टायर कुठे मिळेल, सगळं मी सखूकरवी विचारायचो. कुठल्याही कारखान्यावर जा, सखूच्या ओळखीची बाई तिथे असायचीच. मला एवढी वर्षं त्या भागात ट्रॅक्टर चालवून पाच माणसं नावाने माहीत नव्हती.

"नुसतं वाचायला येऊन भागत न्हाई दादा," शोभा म्हणायची. "अडलं तर कुणाला इचारायचं, हे बी पायजे. आन आपल्याला इचारणारं बी कुणीतरी पायजे." मी ते हसण्यावारी न्यायचो.

पूर्वी कुणी ग्रुपमधून बाहेर पडलं की ती ओळ सगळ्यांना दिसायची. नंतर मोबाईलमध्ये काहीतरी बदललं आणि ते फक्त ॲडमिनला कळायला लागलं. म्हणजे एकट्या शोभाला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, बायकांपुढची शोभा तरी टळली. मी गेल्याचं दर वेळी ती एकटी वाचत होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर निघायच्या आदल्या दिवशी मी तिला भेटायला गेलो. आजाराने ती निम्मी झाली होती. आजाराचं नाव लिहीत नाही, तिला ते कुणी घेतलेलं आवडत नसे. भिंतीला टेकून बसली होती, शिवणयंत्रावर चादर टाकलेली, मोबाईल उशीजवळ. आम्ही चिंचांच्या गोष्टी काढल्या. मी उठायला लागलो तर म्हणाली, "दादा, ह्या येळेस ॲड करू का?" मी नेहमीसारखं म्हणालो, "राहू दे की. आल्यावर बघू." "बरं," ती म्हणाली. "आता मी आपणहून करणार न्हाई. आल्यावर तूच मला म्हण, शोभे, ॲड कर. मग करीन." मी हो हो म्हणत चप्पल घातली.

ती पुढे फार दिवस राहिली नाही. आम्ही अंत्यदर्शनालाही पोचलो नाही, हंगाम सुरू होता. ग्रुपमध्ये बायका रोज सकाळी हजेरी देत राहिल्या, फक्त पहिला आवाज नसायचा. नव्या कुणाला घ्यायचं म्हटलं तर घेता येईना, कारण चाव्या शोभाजवळ. दुसरा ग्रुप काढू असं कुणीतरी सुचवलं, तर बाकीच्या बायका अंगावर धावल्या. तिथं बाईचा आवाज कुठून आणणार, म्हणाल्या. सखू हजेरी ऐकायला लागली की मी ट्रॅक्टरखाली शिरून काहीतरी खुडबुड करत राहायचो. मला आत जायचं होतं आणि कुणाला म्हणावं, हेच उरलं नव्हतं.

गावाकडे आल्यावर त्याच दिवशी शोभाच्या आईला भेटायला जायला हवं होतं. मी टाळत राहिलो. शेवटी सखूनेच एका सकाळी हाताला धरून अंगणाबाहेर काढलं. काकू एकटीच चुलीपुढे होती. शिवणयंत्रावर तीच चादर, आणि तिच्यावर शोभाचा मोबाईल, चार्जिंगला लावलेला. मी बघतोय हे बघून काकू म्हणाली, "बंद पडू देत न्हाई मी त्याला. सकाळी बायांचे आवाज येत्यात त्यातून. तेवढंच घरात कुणीतरी बोलतंय." बोलता बोलता मोबाईल वाजला. रुक्मिण, लिंबागणेश. आशा, धर्मापुरी. काकू प्रत्येक आवाजाला मान हलवत होती.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काकू, ह्यातून मला ॲड करा. शोभीनं सांगितलं होतं, आल्यावर म्हण म्हणून." म्हातारीला काही समजेना. मी तिच्याजवळ बसलो, मोबाईल हातात घेतला. कुलूप नव्हतं त्याला, वर्गातल्या सगळ्या बायका तो हाताळायच्या. मी माझं नाव काढून दिलं, पण बोट तिचंच टेकवायचं ठरवलं. तिने हात मागे घेतला. "तिच्या मोबाईलला मी कसा हात लावू? त्यात तिचं नाव येतंय का?" मी म्हणालो, "येतंय. शोभानं दत्तात्रयला ॲड केलं, असं येतंय. सगळ्यांना दिसतंय." मग तिने पदराला बोट पुसलं आणि मी दाखवलं तिथे टेकवलं. माझ्या खिशातला मोबाईल थरथरला. बघितलं तर खरंच तशी ओळ आली होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती अक्षरं विरघळायला लागली. सखूने माझ्या हातातला मोबाईल सरळ केला. मी घसा खाकरून म्हणालो, "दत्तात्रय, चौसाळा. हाय." मग रुक्मिणबाईचा आवाज आला, वर्गात उशिरा येणाऱ्याला म्हणतात तसा. "बसा, दादा."

काकू ऐकत होती. "आता माझं बी म्हण त्यात," ती म्हणाली. मी म्हणालो, "तुमचं तुमीच म्हणा काकू. आपलं नाव आन गाव." म्हणालो आणि मग लक्षात आलं, की काकूंचं नाव मला माहीत नव्हतं. जन्मभर ती शेजारी होती, तिच्या घरी मी कितीदा जेवलो होतो, आणि अख्ख्या गल्लीसाठी ती शोभीची माय होती. ती शोभी आता नव्हती. मी खाली मान घालून विचारलं, "काकू... तुमचं नाव काय हो?" ती हसली. "म्हायेरचं सांगू का सासरचं?" "तुमाला आवडंल ते," मी म्हणालो. शोभाचा मोबाईल मी तिच्या तोंडाजवळ धरला. ती अगदी हळू, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात म्हणाली, "द्वारका, चौसाळा. हाय."